दामिनीताईची गाडी

अकोला
१८ जुलै २००५

दामे,

सलाम घे नाहीतर नमस्कार घे, पण आधी पेढे पाठव! तू सी.आर. झाली आणि मले हे माह्या लहान बहिणीच्या, गुलनारच्या तोंडून कळते. दर्यापूरले ज्युनिअर कॉलेजात दोन वर्षं एका बाकावर बसलो, एका डब्यात जेवलो, आणि आता तू अमरावतीची वर्गप्रतिनिधी अन् मी अकोल्याची डी.एड.वाली. खालाच्या घरी कोपऱ्यात बसून दिवसभर पुठ्ठ्याचे आंबे आणि पोपट कापून राहिली.

गुलनार म्हणे, पहिल्या वर्षात तुले सगळ्यात जास्त मार्क, म्हणून दुसऱ्या वर्षाची सी.आर. तू. उभं राहणं नाही, मत मागणं नाही, मार्क दाखवले की खुर्ची. बरं आहे बाप्पा! तशीही तू झोपेत बडबडते, आता जागेपणी ऐकायले माणसं भेटले.

आता कामाचं. गुलनार तुह्याच कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाले आहे, हे तुले माहीत आहे. तिचं प्रॅक्टिकल साडेपाचले सुटते आणि दर्यापूरची शेवटची सरळ गाडी पाचले निघून जाते. मंग राहिली काळीपिवळी जीप. थे भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली की दारात लटकवते. मागच्या आठवड्यात वलगावच्या पुढं बंद पडली. पोट्टी अंधारात चिखल तुडवत कुठल्याशा ट्रॅक्टरवर बसून घरी आली. प्रॅक्टिकल बुडवलं तर सर म्हणतात परीक्षेले बसू देत नाही.

अब्बा ओरडले नाहीत. पोरींनी शिकू नये असं त्यायले वाटत असतं तर मी अकोल्यात नसती. पण रोज अंधार पडेपर्यंत स्टँडवर उभं राहून त्यायचे पाय सुजून राहिले. म्हणे, पोळ्यापर्यंत पाहू, नाहीतर गावातच बी.ए. कर. गुलनारले केमिस्ट्रीशिवाय काही सुचत नाही, हे तू पाहिलंच आहे. होस्टेलचं नाव काढू नोको. यंदा लोक अब्बांच्या दुकानात नवी गादी भरत नाहीत, जुनाच कापूस पिंजून मागतात. आमच्यासारखी किती घरं आहेत, तुले दिसतच असन.

थे गाडी सहा-सव्वासहाले करून दे वं. तू आता मोठी माणूस आहे.

तुही
तहरीम


अमरावती, मुलींचं वसतिगृह
२७ जुलै २००५

तहरीम,

पेढे मिळणार नाहीत. बाबानं कपाशी मोडून सोयाबीन पेरलं, थेही उगवलं नाही, आता दुबार पेरून राहिले. आई फोनवर फक्त पाऊस आला का एवढंच विचारते. म्हणून तुले बातमी सांगाले उशीर झाला, बाकी मनात काही नाही.

पण काय सांगू तुले! कॉलेजनं आमा सी.आर. लोकांसाठी तीन दिवसाचं नेतृत्व विकास शिबिर ठेवलं होतं. नागपूरचा एक टायवाला आला होता. त्यानं आमाले डोळे मिटून मागं पडायले लावलं, मागच्यानं झेलायचं. म्हणे याले विश्वास म्हणतात. माह्या मागं बी.कॉम.ची जयवंता होती, तिनं मले धाडकन खाली पाडलं आणि हसत बसली. माहं कंबरडं अजून दुखून राहिलं.

खरं शिबिर कँटीनमध्ये झालं. श्यामदादा म्हणून एम.ए.चे आहेत, आधी यू.आर. होते. यू.आर. म्हणजे विद्यापीठ प्रतिनिधी. सगळे सी.आर. मिळून एकाले निवडतात, मंग अख्ख्या कॉलेजचा आवाज थोच. यंदा आमच्याकडून गोवर्धन उभा आहे. श्यामदादा लय शिकवतात. नेत्यानं सगळ्यात शेवटी बोलायचं. शिपायाले नावानं हाक मारायची. समोरच्याले "नाही" कधीच म्हणायचं नाही, "पाहू" म्हणायचं. तहरीम, मी आजवर नुसती बडबडत होती वं, बोलायचं कसं हे मले आता कळून राहिलं.

गुलनारले भेटली. लायब्ररीच्या कोपऱ्यात बसून डब्यातली पोळी खाऊन राहिली होती. तिच्यासारख्या वीस-बावीस पोरी आहेत त्या रस्त्याच्या, काही तर मागच्या वर्षी माह्याच होस्टेलात होत्या. मी सगळ्यायले गोळा केलं. आधी प्राचार्यांले निवेदन, मंग डेपोच्या साहेबांले. नाही ऐकलं तर सरळ गाडीपुढं बसायचं. सगळ्यात पुढं मी बसीन. तुह्या अब्बांले, नबीचाचांले सांग, पोळ्याच्या आत गाडी सव्वासहाची होते.

तुही
दामिनी


अकोला
८ ऑगस्ट २००५

दामे,

तुहं पत्र खालाले वाचून दाखवलं. खाला म्हणे, ये लड़की तो वज़ीर बनेगी. मी म्हटलं, आधी गाडी तर बनू दे!

एक विचारते. तुहा थो श्यामदादा एम.ए. किती वर्षांपासून करून राहिला? आणि त्याले यात काय भेटते? रागावू नोको. आमच्या डी.एड.मध्येही एक असाच आहे, सगळ्यायले शिकवते आणि स्वतः पाठाच्या दिवशी आजारी पडते.

गुलनारबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवजो. तिले पुढं नोको करू. दुकानात गिऱ्हाईक आलं तर थे रजईच्या ढिगामागं जाऊन बसते, बक्षीस घ्यायले नाव पुकारलं तर तिले ताप येते. तू बस, थे तुह्या मागं बसन. तू समोर असली तर थे आगीतही बसन, एवढा तिचा तुह्यावर जीव आहे. घरी आली की दामिनीताई असं म्हणे, दामिनीताई तसं म्हणे. मी सख्खी बहीण, मले कोणी विचारत नाही.

अब्बा पोळ्याची वाट पाहून राहिले.

तहरीम


अमरावती
२४ ऑगस्ट २००५

तहरीम,

घाईत लिहून राहिली. प्राचार्य म्हणाले, "पाहू." डेपोचे साहेब बरे आहेत, म्हणाले कॉलेजचं पत्र आणा, मी वेळ बदलतो. पण कॉलेज पत्र देत नाही, कारण आज दिलं तर उद्या मोर्शीच्या पोरी येतील, परवा चांदूरच्या. म्हणून ठरलं. सोमवारी २९ तारखेले पाच वाजता दर्यापूर गाडीपुढं बसायचं. काही दगडबिगड नाही, घोषणा नाही, नुसतं बसायचं. पोरी तयार आहेत. गुलनारले साडेचारले स्टँडवर उभं राहाले सांगितलं आहे.

अजून एक, हे कोणाले बोलू नोको. मंगळवारी यू.आर.ची निवडणूक आहे. शनिवारी आमा सी.आर. लोकांले वरूडकडं घेऊन चालले. गोवर्धनचे काका भगवंतराव, त्यायची संत्र्याची बाग आहे, तिथं ठेवतात. नाहीतर दुसरी पार्टी एकेकाले उचलून नेते आणि मत फिरवते. तू हसशील, पण सगळ्या कॉलेजात असंच चालते, याले सहल म्हणतात! पोरी काकांच्या घरात राहतीन, पार्बताबाई म्हणून काकू आहेत, त्या सोबत आहेत. मी आधी नाही म्हटलं होतं. श्यामदादांनी शब्द दिला की रविवारी संध्याकाळी जीपनं मले अमरावतीले सोडतीन. गोवर्धन निवडून आला तर प्राचार्यांकडून पत्र काढायची जबाबदारी त्याची.

गुलनार थोडी घाबरून आहे. तिले मी म्हटलं, अगं मी आहे ना.

दामिनी


अकोला
१ सप्टेंबर २००५

दामिनी,

तू कुठी होती?

मी काल दर्यापूरहून आली. गुलनारनं जे सांगितलं थे जसंच्या तसं लिहून राहिली, म्हणजे तुले कळन.

थे साडेचारले स्टँडवर उभी होती. पोरी जमल्या. ज्याच्या-त्याच्या तोंडात एकच, दामिनीताई कुठं आहे? गुलनार म्हणे, येऊन राहिली असन. पाच वाजले. ड्रायव्हर चढला, गाडी सुरू झाली. पोरी एकमेकीचं तोंड पाहून राहिल्या. एकजण म्हणे, चला गाडीत बसा, निदान आज तरी लवकर घरी जाऊ. आणि माही बहीण, जी आमच्या मामूशी मान वर करून बोलत नाही, थे चालत गेली आणि गाडीपुढं बसली. मले म्हणे, आपा, मी बसली नाही, बसल्या गेलं. मंग बाकीच्या तिच्या मागं बसल्या.

ड्रायव्हरनं गाडी बंद केली. भला माणूस होता, खाली उतरून बिडी पेटवून उभा राहिला. गाडीतले लोक शिव्या देऊन राहिले. अर्धा तास असा गेला. मंग मोटारसायकलवर पोट्टे आले. त्यायनं तुह्या नावानं काहीतरी घाण ओरडलं, आणि दगड फेकला. समोरची काच फुटली. पोरी पळाल्या. गुलनार पळाली नाही, तिथंच बसली, ओढणीत काचा घेऊन. पोलीसबाईनं दंड धरून उठवलं. काच कोणी फोडली विचारलं तर हे ओढणीतल्या काचाच वेचत राहिली. नाव विचारलं, कॉलेज विचारलं, थे सांगितलं. डेपोच्या साहेबांनी केस केली नाही, कॉलेजले कळवलं आणि तिले सोडून दिलं.

अब्बा जाऊन घेऊन आले. मले वाटलं, आता संपलं हिचं कॉलेज. तर अब्बा दुकानात येईल त्याले सांगून राहिले, माह्या पोट्टीनं एसटी अडवली, सगळ्या पळाल्या, थे उठली नाही. तिच्यासाठी स्वतः चहा करून घेऊन गेले. आमच्या घरात हे कधी झालं नव्हतं, दामिनी.

आणि आज पेपरात वाचलं की तुमच्या कॉलेजची यू.आर. तू. गोवर्धन उभा होता ना? तुहं अभिनंदन करू का काय करू, थे तूच सांग.

तहरीम


अमरावती
६ सप्टेंबर २००५

तहरीम,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तुले वाटते तसं नाही वं. मी यायले निघाली होती. रविवारी संध्याकाळी बागेच्या फाटकाले कुलूप होतं, जीप वरूडले गेली होती, थे परत आलीच नाही. बागेत मोबाइलले रेंज नाही. चहूकडं हिरवी संत्री आणि अंधार, पायी निघाली असती तर रस्ताही सापडला नसता. सोमवारी पाच वाजता मी पार्बताबाईच्या ओट्यावर बसून रडून राहिली होती. त्यायले विचार पाहिजे तर.

यू.आर. मी झाली नाही, मले केलं. गोवर्धनच्या नावाले निम्मे लोक तयार नव्हते. फाटाफूट झाली असती तर समोरची पार्टी आली असती. श्यामदादा म्हणाले, मुलगी देऊ, मुलीले कोणी नाही म्हणणार नाही. माझं नाव पुढं आलं. मी नाही म्हटलं असतं तर गाडीचा विषय कायमचा बुडाला असता. तू शांतपणे विचार कर.

काच कोणी फोडली, मले माहीत नाही. पण ऐक, काम झालं आहे! प्राचार्य पत्र द्यायले तयार आहेत. गाडी सव्वासहाची होणार. एकच अडचण. गाडीचं नुकसान झालं आहे, तर कॉलेजनं काहीतरी केलं असं दिसलं पाहिजे. गुलनारनं एक माफीनामा लिहून द्यायचा, माझ्याकडून चूक झाली, पुन्हा होणार नाही, एवढंच. फक्त फाइलीसाठी आहे. तो कपाटात जाईल आणि कोणी उघडून पाहणार नाही. मी आता यू.आर. आहे, शिस्त समितीत मी बसते. तिच्या केसाले धक्का लागू देणार नाही, हा माझा शब्द.

तिचं नाव तिथं घेतलं गेलं, म्हणून तिनंच लिहावं लागते. तू सांगितलं तर ती ऐकेल.

दामिनी


अकोला
२५ सप्टेंबर २००५

दामे,

गाडी सुरू झाली! सव्वासहाले निघते, पावणेआठले दर्यापूर. गुलनार घरी येऊन गरम गरम जेवते आणि पुस्तक घेऊन बसते. अब्बा आता स्टँडवर जात नाहीत. गाडीले हार घातला, तू झेंडी दाखवली, थे पेपरातलं पाहिलं. ड्रायव्हर-कंडक्टर त्या गाडीले "दामिनीताईची गाडी" म्हणतात, असं गुलनार सांगत होती.

माफीच्या कागदात काच फोडल्याचंही लिहायचं होतं, त्यावर अब्बा पहिल्यांदाच रागावले. म्हणे, जो किया नहीं वो कायको लिखना? गाडी अडवली हे लिही, काच फोडली हे काहून लिहिते? गुलनार म्हणे, दामिनीताई म्हणते म्हणून. मंग मीही म्हटलं, अब्बा, दामिनी आहे ना तिथं. लिहून टाकू द्या. तिनं लिहिलं. तेव्हापासून अब्बा दुकानात ती गोष्ट कोणाले सांगत नाहीत.

मी मागच्या पत्रात तुले जास्त बोलली. मनात ठेवू नोको. तू तिथं अडकली होती, मले काय माहीत. रोज्यांत तुह्यासाठी दुआ करीन.

तुही
तहरीम


अमरावती
१२ नोव्हेंबर २००५

प्रिय तहरीम,

स. न. वि. वि.

दिवाळी आणि ईद यंदा एकाच आठवड्यात आली, दोन्हीच्या शुभेच्छा एकदमच स्वीकार. पत्राला उशीर झाला याबद्दल क्षमस्व. सध्या दौरे खूप आहेत. शेतीच्या प्रश्नावर रोज कुठेतरी सभा असते, मुंबई-दिल्लीची मंडळी येतात आणि विद्यार्थ्यांच्या वतीने मला बोलावे लागते. परवा यवतमाळला बोलले, सभागृह उभे राहिले.

आनंदाची बातमी अशी की १८ डिसेंबरला अकोल्यात युवती नेतृत्व मेळावा आहे आणि त्यात मी प्रमुख वक्ती आहे. तू अवश्य ये. आपल्या दर्यापूरच्या बाकावरून इथपर्यंत आले, ते तुझ्यासमोर बोलायला मला आवडेल.

चाचा-चाचींना नमस्कार. गुलनारला अभ्यासासाठी शुभेच्छा.

तुझी,
दामिनी रामराव
विद्यापीठ प्रतिनिधी


अकोला
२६ डिसेंबर २००५

दामिनी,

मी आली होती तुह्या मेळाव्याले. खालाची चांगली शाल पांघरून, मागच्या रांगेत. तुले भेटीन म्हणून डब्यात शीरखुर्मा आणला होता. ईद होऊन दीड महिना झाला होता, पण तुह्यासाठी पुन्हा केला होता.

तू काय सुंदर बोलली! मी, मी, मी. "मी एकटी गाडीच्या चाकासमोर बसले. माझ्या मैत्रिणी पळाल्या, मी उठले नाही. फुटलेल्या काचा माझ्या ओढणीत पडल्या." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दामिनी, तू ओढणी घेत नाही. थे ओढणी माह्या बहिणीची होती, मीच तिले दिली होती.

माह्या बाजूले एक पोरगी बसली होती, टाळ्या वाजवून तिचे हात लाल झाले होते. मी कोण, हे तिले माहीत नव्हतं. म्हणे, मी जयवंता, आमी एकाच कॉलेजच्या, वरूडच्या बागेत सोबत होतो. म्हणे, आमी तर तिथंच ओळखलं होतं की हे पोरगी पुढं जाते. मी सहज विचारलं, बागेले कुलूप होतं म्हणतात? थे हसली. म्हणे, कशाचं कुलूप वं, जीप दिवसातून चार चकरा मारत होती, मटण आणायले, पान आणायले. रविवारी संध्याकाळी श्यामदादांनी जीप दारात लावली आणि दामिनीले विचारलं, जायचं असन तर जा, पण गेली तर यू.आर. दुसऱ्याले करू. दामिनी थोडा वेळ ओट्यावर बसली, मंग म्हणे, बसतीन त्या पोरी त्यायच्या त्यायच्या. गोवर्धनची खुर्ची गेली म्हणून त्याचे पोट्टे चिडले होते, त्यायनंच दुसऱ्या दिवशी दगड मारला. म्हणे, हे सगळ्यायले माहीत आहे.

सगळ्यायले. म्हणजे तुलेही.

शीरखुर्मा मी जयवंताले दिला. तुह्या अंगावर ओतावा वाटत होता.

एवढं झालं असतं तरी मी गिळलं असतं. खुर्चीसाठी लोक काय काय करतात, तू तर नुसती आली नाही. पण गुरुवारी गुलनारचा खालाच्या शेजारी फोन आला. कॉलेजच्या बोर्डावर नोटीस लागली. बसची तोडफोड केल्याचं स्वतः लेखी कबूल केलं, म्हणून यंदाच्या परीक्षेले बसता येणार नाही. फाइलीत जाणार होता ना थो कागद? कोणी उघडून पाहणार नव्हतं ना? समितीत तू होती. नोटिशीखाली तुही सही आहे, असं माही बहीण म्हणते. तिले विचारलं, तू रडली का? म्हणे, नाही आपा, दामिनीताईची सही पाहून मले वाटलं काहीतरी चूक झाली असन, थे दुरुस्त करन.

प्रॅक्टिकलची परीक्षा फेब्रुवारीच्या शेवटी आहे. अजून वेळ आहे. तू फक्त एवढं लिहून दे की काच गुलनारनं फोडली नाही, कोणी फोडली थे मले माहीत आहे. नाव नोको सांगू, मी नावही मागत नाही. माह्यासाठी नाही, मैत्रीसाठी नाही. तिच्या वर्षासाठी लिही.

तहरीम


अमरावती
९ जानेवारी २००६

प्रिय भगिनी तहरीम,

तुझे पत्र मिळाले. त्यातील भाषेमुळे दुःख झाले, परंतु भावना समजू शकते.

वस्तुस्थिती तुला माहीत नाही म्हणून सांगते. समितीतील काही सदस्यांचे म्हणणे होते की गुलनारला महाविद्यालयातून कायमचे काढावे. एक वर्षावर आणले ते मी. एकमताने निर्णय झाला नसता तर तो वर गेला असता आणि पोलिसांपर्यंत पोहोचला असता, म्हणून मी सही केली. मी तिला वाचवले आहे, तहरीम. आता मीच उलट लिहून दिले तर माफीनामा खोटा ठरतो, मग कॉलेजचे पत्र खोटे ठरते आणि गाडीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. त्या गाडीने आज चाळीस मुली जातात. एकीचे एक वर्ष आणि चाळीस जणींचे शिक्षण, यातले काय राखायचे, हे नेतृत्व करणाऱ्याला ठरवावे लागते. ते सोपे नसते.

भाषणात मी "मी" म्हणाले, ते चळवळीची प्रतिनिधी म्हणून.

पुढील वर्षी युवती नेतृत्व शिबिरात गुलनारला स्वयंसेविका म्हणून घेण्याची माझी इच्छा आहे. तिच्यात गुण आहेत. त्यांना वाव मिळाला पाहिजे.

तहरीम, मले समजून घे वं. तू तिथं नव्हती. त्या ओट्यावर बसली तेव्हा मले वाटलं, हे पुन्हा आयुष्यात कधी भेटणार नाही. बाबाच्या वावरात काही उरलं नाही, आई माह्या लग्नाचं पाहून राहिली. इथं मले लोक खुर्ची देतात, माहं ऐकतात. गोवर्धनचे लोक आता माह्याच मागं आहेत, त्यायच्याबद्दल एक शब्द लिहिला तर मी उद्या कोणीच नाही. मी परत तशी होऊ शकत नाही.

हे शेवटचे फाडून टाकजो.

दामिनी रामराव
विद्यापीठ प्रतिनिधी


अकोला
४ फेब्रुवारी २००६

दामिनी,

तुह्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहून गेली, थे मी लिहिते. ५ जानेवारीले अब्बा तुमच्या कॉलेजात आले होते. ईदचा कुर्ता इस्त्री करून, गुलनारले सोबत घेऊन. प्राचार्यांच्या खोलीत तू खुर्चीवर बसली होती. अब्बा म्हणाले, साहेब, काच मी नवी बसवून देतो, पोट्टीचं वर्ष देऊन टाका. प्राचार्यांनी तिचा माफीचा कागद त्यायच्यापुढं सरकवला. अब्बांले मराठी वाचता येत नाही. त्यायनं थो कागद उलटा-सुलटा पाहिला, आणि तुह्याकडं पाहिलं. तू म्हटलं, चाचा, पाणी घेता का?

अब्बा घरी येऊन अम्मीले म्हणे, दामिनी अच्छी लड़की है, पानी का पूछी बेचारी. त्यायले मी काही सांगितलं नाही. जयवंताचं नाही, बागेचं नाही, दगडाचं नाही. सांगून त्यायच्या हाती काय येणार होतं? तुह्याबद्दल त्यायच्या मनात जे आहे, थे मी तुह्यासाठी नाही ठेवलं, त्यायच्यासाठी ठेवलं.

तू विचारलं, एकीचं वर्ष की चाळीस जणींची गाडी. चांगलं विचारलं. पण दामिनी, त्या एकीले निवडायले तुले कोणी सांगितलं? तुह्याकडं तुहं स्वतःचंही एक वर्ष होतं.

पत्राचा शेवटचा तुकडा मी फाडला. तुही भीती मले कळली, म्हणून फाडला. माफ केलं म्हणून नाही. तुह्या शिबिरात गुलनार येणार नाही, आणि यापुढं मीही लिहिणार नाही. आज लिहून राहिली, कारण एक गोष्ट मले निस्तरता येत नाही आणि विचारायले दुसरं कोणी नाही.

मी मागच्या रविवारी घरी गेली होती. गुलनार आता दुकानात बसते, टाके घालते. गिऱ्हाईक आलं की लपत नाही, उठून बोलते, मले आधी बरंच वाटलं. रात्री जेवण झाल्यावर भांडी घासता घासता थे मले म्हणे, "आपा, एक विचारू? मी लिहून दिलं, सरांनी वाचून दाखवलं, बोर्डावर लागलं, गाडीतल्या पोरीही तसंच म्हणतात. मले आता थे दिवस नीट आठवत नाही. माह्या हातात काही होतं का? काच माह्याच हातून फुटली असन का?"

मी म्हटलं, येडी आहे का, तू तर बसून होती. थे म्हणे, तू तरी कुठी होती आपा, तुले काय माहीत?

खरं आहे. मी तिथं नव्हती. तूही नव्हती. पण तिचा विश्वास तुह्यावर आहे, आजही. तर तिले काय सांगायचं, थे तू लिहून पाठव. तिच्याच नावानं पाठव.

तहरीम